केंद्रकाबाहेर पडलेले मुकादम

परदेशातल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या दिवशी गेलात, तर एक दृश्य हमखास दिसतं. सकाळी आरतीला पेटी वाजवणारे काका दुपारी पार्किंगच्या रांगा लावत असतात. संध्याकाळच्या नाटकातला खलनायक मध्यंतरात मिशी न काढताच मसालेभात वाढत असतो. आणि खजिनदारबाई हिशोबाची वही काखेत मारून मखरातल्या दिव्यांची वायर शोधत फिरत असतात. भारतातून आलेल्या पाहुण्यांना याची गंमत वाटते. तुमच्याकडे एका माणसाला एकच काम नाही का, असं विचारतात. नाही. माणसं मोजकी आणि कामं ढीगभर, मग दुसरं काय होणार?

आपल्या शरीराचंही असंच आहे. माणसाच्या प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवण्याच्या कृती लिहिलेली जनुकं आहेत सुमारे २०,०००. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारं चिलट, ज्याला आम्ही फळमाशी म्हणतो, त्याच्याकडेही साधारण १४,००० आहेत. तेवढ्या मोजक्या सामग्रीत नाक, कान, आतडी, मेंदू आणि मेंदूतली पाढे पाठ करायची सोय, हे सगळं उभं करायचं असतं. तेव्हा एका प्रथिनाने एकच काम करावं अशी चैन शरीराला परवडत नाही. पण आम्हा जीवशास्त्रवाल्यांना हे पटायला बराच वेळ लागला, विशेषतः प्रथिनांच्या एका मानाच्या घराण्याबाबत. त्या घराण्याची गोष्ट मला इथे सांगायची आहे, कारण ती शेवटी आपल्या घरातल्या लहान मुलांच्या डोळ्यांपर्यंत येऊन पोचते.

मी बॉस्टनजवळ एका प्रयोगशाळेत काम करते. गर्भ कसा घडतो, हा आमचा विषय. एका पेशीपासून सुरुवात होते, ती दुभंगत जाते, आणि सगळ्या पेशींत तीच जनुकं असूनही एकीची होते त्वचा आणि दुसरीचं होतं यकृत. कारण कोणत्या पेशीत कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद, हे ठरवणारी वेगळी प्रथिनं असतात. मंडळाच्या जेवणावळीत कुणी विचारलं तर मी त्यांना मुकादम म्हणते. पेशीच्या केंद्रकात डीएनएच्या फायली ठेवलेल्या असतात. मुकादम तिथे बसून असतो, नेमक्या पानावर बोट ठेवतो आणि सांगतो, हे काम काढा, ते राहू दे.

या मुकादमांचा शोध लागला तो त्यांच्या चुकांमुळे. डोक्यावर मिशांच्या जागी चक्क पाय उगवलेली फळमाशी अनेक वर्षं प्रयोगशाळांत पाळली जात होती. ज्या जनुकातल्या बिघाडाने हे होतं त्याचं नाव ॲन्टेनापीडिया. अमेरिकेत एडवर्ड लुईस यांनी दोनऐवजी चार पंखांची माशी तयार करून दाखवली होती. शरीराचा कुठला भाग काय होणार हेच ठरवणारी ही जनुकं आहेत, एवढं कळलं होतं. मग १९८४च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये बाझेल इथे वॉल्टर गेरिंग यांच्या गटाला आणि त्याच वेळी अमेरिकेत इंडियाना इथल्या संशोधकांना आढळलं, की या निरनिराळ्या जनुकांमध्ये १८० अक्षरांचा एक तुकडा जवळजवळ सारखाच आहे. त्यावरून प्रथिनात ६० अमिनो आम्लांची एक गाठ तयार होते आणि ती डीएनएवर नेमकी बसते. तिला होमिओडोमेन म्हणतात, आणि ती असलेल्या प्रथिनांना होमिओप्रोटीन. मग बेडकात, उंदरात, माणसात, जिथे शोधावं तिथे हीच गाठ सापडू लागली. माशीचं आणि आपलं घराणं इतकं जवळचं असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. लुईस यांना क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांच्याबरोबर १९९५चं नोबेल मिळालं.

त्याच वर्षी गेरिंग यांच्या गटाने आणखी एक प्रताप केला. डोळा घडवणारं जनुक त्यांनी माशीच्या पायात, पंखात, मिशीत चालू केलं, आणि तिथे तिथे डोळे उगवले. उंदराचं जनुक वापरलं तरी माशीला डोळाच उगवला, आणि तोही माशीचा. अशा चित्तथरारक प्रयोगांमुळे पाठ्यपुस्तकांतलं चित्र पक्कं झालं: मुकादम केंद्रकात बसतो, जनुकं चालूबंद करतो, आणि एवढंच त्याचं काम. मी स्वतः पुण्यात शिकताना परीक्षेत हेच लिहिलं आणि पूर्ण गुण मिळवले.

पण चित्राला तडे जायला तोवर सुरुवात झाली होती.

पहिला तडा फळमाशीच्याच अंड्यातला. माशीची आई अंड्याच्या एका टोकाला एक संदेश ठेवून देते. संदेश म्हणजे आरएनए, जनुकाची कामचलाऊ नक्कल, जिच्यावरून प्रथिन तयार होतं. त्या संदेशावरून बायकॉइड नावाचं होमिओप्रोटीन बनतं. ज्या टोकाला ते दाट, तिथे डोकं होणार. जसजसं विरळ होत जाईल तसतसं मागचं शरीर. १९८८ साली न्युसलाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेने हे दाखवलं, आणि बायकॉइड हा मुकादमांचा आदर्श ठरला. पुढे १९९६मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे असं दाखवलं, की हेच बायकॉइड अंड्याच्या पुढच्या भागात कॉडल नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनाचा संदेश थेट धरून ठेवतं आणि त्यावरून प्रथिन बनू देत नाही. म्हणजे जनुकाशी काही देणंघेणं नाही. डीएनएवर बोट ठेवणारा माणूस फायलीच्या खोलीतून बाहेर येतो आणि सुटलेला हुकूम वाटेतच अडवतो. कॉडल हे मागच्या शरीराचं प्रथिन. ते पुढे तयार झालं तर डोक्याचा घोळ होईल, म्हणून ही दक्षता. तेच प्रथिन, तीच ६० अमिनो आम्लांची गाठ, आणि दोन कामं.

यावर फारसं कुणी भांडलं नाही. खरं भांडण झालं ते पॅरिसमधल्या एका निरीक्षणावरून.

आलँ प्रोशियांट्झ आणि त्यांचे सहकारी चेतापेशींना फांद्या कशा फुटतात, त्यांचा आकार कसा ठरतो, याचा अभ्यास करत होते. होमिओप्रोटीनांचा त्यात हात असावा असं त्यांना वाटत होतं. म्हणून ॲन्टेनापीडियाचा तो ६० अमिनो आम्लांचा तुकडा त्यांनी वापरायचं ठरवलं. हा तुकडा पेशीच्या आत घालावा लागणार, हे उघड होतं. पेशीभोवती चरबीचा पडदा असतो. एवढं मोठं, पाण्यात विरघळणारं रेणूंचं गाठोडं तो पडदा ओलांडून आपलं आपण आत जाईल, असं रसायनशास्त्राचा कुणीही विद्यार्थी म्हणणार नाही. आणि तरी, भोवतालच्या द्रवात नुसता सोडलेला तुकडा पेशींत शिरला, थेट केंद्रकात जाऊन बसला आणि पेशींचा आकार बदलला. हे १९९१ साली छापून आलं.

मी त्या काळातल्या लोकांकडून ऐकलं आहे की परिषदांमध्ये श्रोते चक्क हसत. प्रयोगात घाण राहिली असेल, पेशी मेलेल्या असतील, असे आक्षेप घेतले गेले. हे आक्षेप मला चुकीचे वाटत नाहीत. विलक्षण दाव्याला असंच तपासलं पाहिजे. प्रोशियांट्झ यांच्या गटाने हट्टाने खणत जाऊन १९९४मध्ये दाखवलं, की आत शिरण्याची किल्ली त्या गाठीच्या अवघ्या १६ अमिनो आम्लांच्या तुकड्यात आहे. चार अंश सेल्सियसला, म्हणजे फ्रिजमधल्या थंडीत, जेव्हा पेशीचं नेहमीचं गिळणं थंडावलेलं असतं, तेव्हाही तो तुकडा आत जातो. त्या तुकड्याला पेनिट्रेटिन नाव पडलं. एचआयव्ही विषाणूच्या टॅट नावाच्या प्रथिनातही हाच गुण १९८८मध्ये दिसला होता. पेशीच्या आत औषध पोचवायला असे तुकडे हमाल म्हणून वापरायची कल्पना त्यातून निघाली आणि त्यावर आता मोठं संशोधन चालतं. ज्यांना मूळ दावा पटत नव्हता त्यांनीही हमाल मात्र बिनतक्रार वापरला, याची मला मोठी मौज वाटते.

प्रश्न उरला तो असा: परीक्षानळीत हे होतं, मान्य. पण जिवंत शरीरात एका पेशीत बनलेला मुकादम खरोखर बाहेर पडून शेजारणीच्या घरात जातो का? आणि गेला तर काही उपयोगाचं करतो का?

वनस्पतीवाल्यांना हा प्रश्न फारसा पडला नाही. मक्याच्या पानावर गाठी आणणारं नॉटेड-१ नावाचं एक होमिओप्रोटीन आहे. खोडाच्या शेंड्यात, सगळ्यात बाहेरच्या थरात त्याचा संदेश नसतो, पण प्रथिन मात्र असतं. म्हणजे ते खालच्या थरातून वर आलं. वनस्पतींच्या पेशींच्या भिंतींत आरपार बारीक बोळ असतात, त्यातून ते जातं, असं १९९५मध्ये दाखवलं गेलं आणि लोकांनी मान डोलावली. प्राण्यांच्या पेशींत असे बोळ नाहीत, म्हणून आमच्याकडे वाद चालू राहिला. २०१९मध्ये कोरियातल्या एका गटाने दीडशेहून जास्त होमिओप्रोटीनं एकेक करून तपासली. जवळजवळ सगळ्यांनाच पेशीतून पेशीत जाता येतं असं निघालं. जाता येतं म्हणजे प्रत्येक वेळी जातातच, असं नव्हे. तरी अपवाद समजला गेलेला गुण घराण्याचाच निघाला, हे काही थोडं नाही.

काही उपयोगाचं करतात का, याचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर बेडकाच्या डोळ्यातलं आहे. डोळ्याच्या पडद्यातून निघालेले तंतू मेंदूत जाऊन आपापल्या ठरलेल्या जागी बसतात, तेव्हाच दिसलेलं चित्र मेंदूत नीट उमटतं. तंतूंना जागा कशी सापडते? मेंदूच्या त्या भागात एन्ग्रेल्ड नावाचं होमिओप्रोटीन एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असतं. २००५मध्ये केंब्रिज आणि पॅरिसच्या संशोधकांनी झेनोपस बेडकाचे वाढते तंतू बशीत घेऊन त्यांच्याजवळ हे प्रथिन सोडलं. पडद्याच्या नाकाकडच्या बाजूचे तंतू त्याच्याकडे वळले, कानशिलाकडच्या बाजूचे त्याच्यापासून दूर पळाले. काही मिनिटांतच ते प्रथिन तंतूच्या टोकात शिरलेलं दिसत होतं. आत शिरण्याची ताकद काढून घेतलेलं प्रथिन वापरलं, तर कुणीच वळेना.

इथे थोडं थांबून विचार करा. तंतूचं टोक केंद्रकापासून फार लांब असतं. टोकात ना फायली, ना कचेरी. तरी मुकादम तिथे पोचून काम करतो. कसं? टोकापाशी आधीच येऊन पडलेले संदेश असतात, त्यांच्यावरून प्रथिनं बनवायच्या यंत्रणेला तो जागच्या जागी चालना देतो. प्रथिन बनणं औषधाने थांबवलं तर वळणंही थांबतं. इथे जनुक चालूबंद करण्याचा संबंध नाही. पोस्टमन म्हणा, वाटाड्या म्हणा. त्याच्या मूळ हुद्द्याच्या पाटीवर यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

आता डोळ्यांची गोष्ट निघालीच आहे तर सांगते. माझा सांगलीचा आतेभाऊ, आम्ही सगळे त्याला बंड्यादादा म्हणतो, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. शाळेत कबड्डीत पहिला, पोहण्यात पहिला. त्याला सैन्यात जायचं होतं. सोळाव्या वर्षी तपासणीत कळलं की उजव्या डोळ्याने त्याला जेमतेम दिसतं. डोळा बाहेरून ठणठणीत होता. डाव्या डोळ्याने सगळं निभावत असल्यामुळे ते ना त्याला कळलं होतं, ना आत्याला. डॉक्टरांनी सांगितलं, हा आळशी डोळा आहे, लहानपणीच कळायला हवा होता, आता चष्म्याने भागणार नाही. सैन्याचा विषय त्या दिवशी संपला. पुढे त्याने ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान काढलं आणि ते उत्तम चालतं, पण पंधरा ऑगस्टची परेड तो टीव्हीवर पूर्ण बघत नाही.

गेल्या वर्षी त्याने मला व्हॉट्सॲपवर आलेला एक मजकूर पाठवला. मोठ्या माणसांचा आळशी डोळा बरा करणारा शोध लागला, असं काहीसं त्यात होतं. खाली त्याने एवढंच लिहिलं होतं, "अगं, हे खरं का?"

त्याचं उत्तर देताना मला या मुकादमांकडेच यावं लागलं.

आळशी डोळ्यात दोष बहुधा मेंदूच्या ऐकण्यात असतो. डोळा तिरळा असेल, दोन डोळ्यांच्या नंबरात फार फरक असेल, किंवा जन्मतःच मोतीबिंदू असेल, तर एका डोळ्याकडून येणारं चित्र अंधुक किंवा जुळत नसलेलं असतं. बालपणी मेंदूची जोडणी चालू असते, तेव्हा तो चांगल्या डोळ्याच्या तारा पक्क्या करतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. शंभरातल्या दोनतीन मुलांत हे आढळतं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६०च्या दशकात मांजरांवर हे दाखवलं. पिल्लाचा एक डोळा पहिले काही महिने झाकून ठेवला की मेंदूतल्या दृष्टीच्या भागातल्या जवळजवळ सगळ्या पेशी उघड्या डोळ्यालाच जोडल्या जात. मोठ्या मांजराचा डोळा तितकेच दिवस झाकला तर काहीच बिघडत नसे. १९८१च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मेंदूत एक खिडकी असते, ती ठराविक वयात उघडते आणि मिटते, हे त्यातून पक्कं झालं. पण खिडकी उघडतो कोण आणि मिटतो कोण?

ओटीएक्स-२ नावाचं होमिओप्रोटीन आहे. गर्भात ते डोकं घडवतं. ते अजिबात नसलेल्या उंदराच्या गर्भात मेंदूचा पुढचा भाग तयारच होत नाही. माणसात त्याच्या जनुकात बिघाड असला तर मूल फार लहान डोळ्यांचं किंवा डोळ्यांविना जन्मू शकतं. असा हा अगदी वरच्या हुद्द्याचा मुकादम. जन्मानंतर त्याचं काम संपलं, असं समजलं जाई. २००८मध्ये प्रोशियांट्झ यांचा गट आणि ताकाओ हेन्श यांचा गट यांनी मिळून दाखवलं, की जन्मानंतर तो मेंदूच्या मागच्या बाजूला, दृष्टीच्या भागातल्या काही विशिष्ट पेशींत साचत जातो. या पेशींचं काम भोवतालच्या पेशींना आवरून धरण्याचं, वर्गातल्या मॉनिटरसारखं. गंमत ही की ओटीएक्स-२चा संदेश या पेशींत नसतोच. प्रथिन बाहेरून येतं.

आणि ते येणं अनुभवावर अवलंबून असतं. उंदराची पिल्लं पूर्ण अंधारात वाढवली तर ते त्या पेशींत कमी साचतं, आणि खिडकी उघडायला उशीर होतो. कोवळ्या वयात ते बाहेरून मेंदूत सोडलं तर खिडकी लवकर उघडते. ज्या उंदरांत त्याचं प्रमाण कमी करून टाकलं त्यांच्यात ती उघडलीच नाही. डोकं घडवणारा गवंडी, डोकं पुरं झाल्यावर, त्याच घरात शाळेची घंटा वाजवायला बसला, असं म्हणायला हरकत नाही. त्या पेशींत शिरल्यावर तो तिथली जनुकंही हलवतो. मूळचा धंदा सुटत नाही. पण त्याआधी त्याने निरोप्याचं काम केलेलं असतं, एका अवयवाकडून दुसऱ्याकडे.

निरोप कुठून निघतो, हे २०१३मध्ये कळलं. मेंदूच्या पोकळ्यांत झालरीसारखा एक भाग असतो, कोरॉइड प्लेक्सस. मेंदूभोवतीचं पाणी तो बनवतो. त्या झालरीतून ओटीएक्स-२ त्या पाण्यात सुटतं आणि दृष्टीच्या पेशींपर्यंत पोचतं. मॉनिटर पेशींभोवती वयाबरोबर साखरेच्या साखळ्यांचं एक जाळं विणलं जातं, आणि ते ओटीएक्स-२ला नेमकं पकडतं. साचत साचत प्रमाण एका पातळीला आलं की खिडकी उघडते. आणखी वाढलं की मिटते. मिटलेली ठेवायलाही त्याचा पुरवठा आयुष्यभर चालू राहावा लागतो. म्हणजे वय झालं म्हणून मेंदू आपोआप दगड होतो असं नाही. कुणीतरी रोज दाराला कडी घालत असतं.

मग कडी काढता येईल? २००२मध्ये इटलीतल्या संशोधकांनी मोठ्या उंदरांच्या मेंदूतलं ते जाळं एका विकराने विरघळवलं, आणि खिडकी पुन्हा उघडली. पुढे ओटीएक्स-२ला जाळ्यात अडकू न देणारा छोटा तुकडा सोडून, आणि झालरीतला त्याचा पुरवठाच कमी करून, आळशी डोळा असलेल्या प्रौढ उंदरांची नजर सुधारल्याचं दिसलं. बंड्यादादाला आलेल्या मजकुराचं मूळ अशाच कुठल्यातरी प्रयोगात असणार.

मी त्याला फोन केला आणि जे आहे ते सांगितलं. उंदरात हे झालं आहे, आणि ते खरं आहे. पण उंदराच्या जनुकात फेरफार करून किंवा मेंदूत सुई घालून ते केलेलं आहे. माणसासाठी असं औषध आज दुकानात नाही, आणि कुणी विकत असेल तर घेऊ नकोस. शिवाय ती कडी निसर्गाने उगाच घातलेली नाही. घर बांधून झाल्यावर भिंती हलायच्या थांबल्या तरच त्यात राहता येतं. प्रौढ मेंदूत सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकल्या तर शिकलेलं काय काय वाहून जाईल, हे नीट कळल्याशिवाय माणसांवर प्रयोग होऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे डोळा आळशी नव्हताच. बिचाऱ्याचं नाव उगाच बदनाम केलं."

खिडकीबद्दल एक गोष्ट मात्र अलीकडे सैल झाली आहे. ती खाडकन बंद होत नाही, हळूहळू कलते. सातव्या वर्षानंतर पट्टीचा उपयोग नाही असं पूर्वी सरसकट सांगत. अमेरिकेतल्या चाचण्यांत १३ ते १७ वर्षांच्या काही मुलांनाही, विशेषतः आधी उपचार न झालेल्यांना, फरक पडलेला दिसला. आणि आपल्याकडचंच उदाहरण द्यायचं तर एमआयटीचे पवन सिन्हा यांचा प्रकल्प प्रकाश. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या, उत्तर भारतातल्या खेड्यांतल्या मुलांवर त्यात शस्त्रक्रिया होतात. आठ ते सतरा वर्षांच्या अशा पाच मुलांना पट्टी निघाल्यावर लगेच विचारलं गेलं, हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखता येते का? सुरुवातीला येत नव्हती. थोड्याच दिवसांत येऊ लागली. त्यांची नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही, पण मेंदू वाटला होता त्यापेक्षा जास्त शिकतो.

आमच्या मुलीच्या बाबतीत वेळ आमच्या बाजूने होती. चौथ्या वर्षी बालरोगतज्ज्ञांकडे नेहमीच्या तपासणीत दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक सापडला. आधी चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. मध्यम स्वरूपाच्या आळशी डोळ्याला दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच चालते, असं २००३च्या चाचणीत दिसलं होतं, त्यामुळे आमचे निम्म्याहून जास्त तंटे वाचले. उरलेले तंटे सासूबाईंनी मिटवले. त्या तेव्हा सहा महिने आमच्याकडे होत्या. पट्टीच्या वेळातच त्या रांगोळीचे ठिपके काढायला बसवायच्या आणि चुकलेला ठिपका अजिबात खपवून घ्यायच्या नाहीत. जवळचं बारीक काम करून घ्या, असं डॉक्टरांनीही सांगितलं होतंच.

याच घराण्यातल्या एन्ग्रेल्डबद्दलही जाता जाता सांगते, कारण आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आता त्या वयात आहेत. पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या ज्या पेशी मरतात, त्यांच्यात हे प्रथिन आयुष्यभर असतं, आणि एन्ग्रेल्ड-१ निम्मंच असलेल्या उंदरांत त्या पेशी हळूहळू मरत जातात. २०११मध्ये पार्किन्सनसारखा आजार घडवलेल्या उंदरांच्या मेंदूत ते सोडल्यावर पेशी वाचलेल्या दिसल्या. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचे काही भाग बनवण्याचं काम ते वाढवतं, आणि इथेही जनुक चालू न करता, आधीच असलेल्या संदेशांवरून. रुग्णांच्या हाती यातलं काही यायला अजून अवकाश आहे.

डोळ्यांचं मात्र तसं नाही, तिथे हाती असलेलं पुष्कळ आहे. अमेरिकेत तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान प्रत्येक मुलाची नजर एकदा तरी तपासावी अशी अधिकृत शिफारस आहे, आणि इंग्लंडमध्ये चार ते पाच वर्षांची. नुसतं "दिसतं का रे?" विचारून चालत नाही, कारण दोन्ही डोळे उघडे असताना मूल खोटं न बोलताही हो म्हणतं. एकेक डोळा झाकून बघावं लागतं. भारतातल्या भाचरांच्या, पुतण्यांच्या बाबतीत हे आपण फोनवरून विचारू शकतो. वाढदिवसाला पाठवायच्या खेळण्यापेक्षा त्याचा खर्च जास्त नसतो.

बंड्यादादाचा धाकटा चार वर्षांचा आहे. फोननंतरच्या आठवड्यात तो त्याला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. डाव्या डोळ्याला काही नाही, उजव्याला तीनचा नंबर निघाला. चष्मा लागला आहे, पट्टी रोज दोन तास आहे, आणि आत्याने रांगोळीचा डबा बाहेर काढला आहे.